परराष्ट्रधोरणाचे सोवळे आणि चिलीची लोकशाही

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या जिल्हा विधी ग्रंथालयात वकिलांपुढे केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी लोकशाहीची एक व्याख्या केली होती. लोकांच्या आर्थिक व सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल रक्तपाताशिवाय घडवून आणणारी शासनपद्धती ती लोकशाही, असा त्या व्याख्येचा आशय आहे. निवडणूक, पक्ष, बहुमत यांना तिच्यात स्थान नाही असे नव्हे. पण ती सारी साधने आहेत. कसोटी एकच, खालच्या माणसाचे जगणे बदलले की नाही, आणि बदलताना रक्त सांडले की नाही.

ही व्याख्या मी वर्षानुवर्षे अभ्यासवर्गात फळ्यावर लिहीत आलो आहे. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘‘सर, असे कुणी कुठे करून पाहिले का? आणि पाहिले असेल तर त्यांचे पुढे काय झाले?’’ मी चिलीचे नाव घेतले. पण दोन वाक्यांपलीकडे मला जाता येईना. मतपेटीतून समाजवाद आणू पाहणारे साल्वादोर आयेंदे यांचे सरकार अमेरिकेने पाडले, एवढेच मी सांगू शकलो. मोर्च्याच्या घोषणेला हे उत्तर पुरते, अभ्यासवर्गाला पुरत नाही. जगातील एक बलाढ्य लोकशाही दुसऱ्या देशातील लोकशाही मोडायला हातभार लावते, तेव्हा ते नेमके कसे घडते? कुठल्या खोलीत, कुणाच्या सहीने, कुठल्या पैशाने? आणि तीच लोकशाही पंधरा वर्षांनी त्याच देशातल्या हुकूमशहाला ‘आता पुरे’ म्हणते, ते कसे? हे समजून घेण्यासाठी जे वाचले त्यातून हा लेख झाला आहे.

चिली हा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला दोरीसारखा पसरलेला देश. आजूबाजूला लष्करशहा येत-जात असताना १९३२ पासून चाळीस वर्षे तिथे निवडून आलेले सरकार दुसऱ्या निवडून आलेल्या सरकारच्या हाती कारभार सोपवीत आले. तिथल्या मध्यमवर्गाला या परंपरेचा मोठा अभिमान होता. पण या लोकशाहीच्या तळाशी कोण होते? १९७० च्या घटनादुरुस्तीपर्यंत चिलीत निरक्षर माणसाला मत नव्हते. म्हणजे जो जमीनदाराच्या शेतावर राबतो, ज्याची मुले शाळेत गेली नाहीत, त्याला वगळूनच ही चाळीस वर्षे मोजायची. मत कुणाला द्यावे, हा वाद आपल्याला नवा नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा ‘अडाण्यांना मत कशाला’ असे म्हणणारे केवळ गोरे साहेबच नव्हते.

४ सप्टेंबर १९७० च्या अध्यक्षीय निवडणुकीत आयेंदे यांना सुमारे ३६ टक्के मते पडली. तिरंगी लढतीत ते पहिले आले. कुणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्याने घटनेप्रमाणे निवड संसदेने करायची होती, आणि तिने ती २४ ऑक्टोबरला त्यांच्या बाजूने केली. पुढच्या तीन वर्षांत काय काय झाले? तांब्याच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. ११ जुलै १९७१ रोजी संसदेने हा निर्णय एकमताने घेतला, विरोधी पक्षांसकट. मुलांना रोज अर्धा लिटर दूध फुकट मिळू लागले. जमीनसुधारणेचा कायदा आधीच्या सरकारने १९६७ साली केला होता. आयेंदे सरकारने तो नेटाने राबवला.

येथे मापुचे लोकांविषयी सांगितले पाहिजे, कारण चिलीवरच्या पुष्कळ लेखनात ते तळटीपेत जातात. मापुचे हे दक्षिण चिलीतले मूळचे रहिवासी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिलीच्या सैन्याने त्यांचा मुलूख घेतला आणि त्यांना सुमारे पाच लाख हेक्टरांच्या तुकड्यातुकड्यांच्या राखीव जमिनींत बसवले. उरलेले सारे जमीनदारांना आणि नव्या वसाहतवाल्यांना गेले. पुढे त्या तुकड्यांवरही कुंपणे पुढे सरकत राहिली. १९७१ च्या जानेवारीत कृषिमंत्री जाक चोंचोल यांनी आपले कार्यालयच राजधानीतून उचलून मापुचेंच्या कौतिन प्रांतात नेले आणि तिथे बसून जमिनींचे निकाल लावले. गावठाणाच्या एका नोंदीसाठी तलाठ्याकडे, मग तहसीलला, मग जिल्ह्याला खेटे घातलेल्या माणसाला या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. १९७२ साली मापुचेंसाठी नवा कायदाही झाला. बाबासाहेबांची व्याख्या फळ्यावरून उतरून कुठे जमिनीवर चालू लागली असेल, तर ती येथे.

आता त्या खोलीकडे वळू.

१५ सप्टेंबर १९७० रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सी.आय.ए.चे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांना बोलावले. सोबत हेन्री किसिंजर आणि महान्यायवादी जॉन मिचेल होते. हेल्म्स यांनी हाताने केलेले टिपण पुढे उघड झाले. यशाची शक्यता दहात एक असली तरी चालेल, एक कोटी डॉलर उपलब्ध आहेत, वकिलातीला यात गोवू नका, चिलीच्या अर्थव्यवस्थेला किंकाळी फोडायला लावा, अशा तुटक ओळी त्यात आहेत. आयेंदे यांना अध्यक्षपदावर बसूच द्यायचे नाही, त्यासाठी लष्करी उठाव घडवायचा, हा हुकूम. अमेरिकेची गुप्त कामे मंजूर करायला ‘चाळीस समिती’ नावाची एक बंद दाराआडची समिती होती; हा हुकूम तिलाही कळवला नाही. परराष्ट्र खात्याला नाही, संरक्षण खात्याला नाही, चिलीतल्या आपल्याच राजदूताला नाही. सोवळ्याच्या आत आणखी एक सोवळे!

मी हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. गावगाड्यात निर्णय पाटलाच्या वाड्यात होत. महारवाड्याला ते दवंडीने कळत, आणि दवंडी पिटायला मात्र महारच लागे. लोकशाही राष्ट्रांचे परराष्ट्रधोरण पाहताना मला हेच आठवते. शाळा, रस्ते, कर यांवर लोक भांडू शकतात, प्रतिनिधीला जाब विचारू शकतात. पण ‘राष्ट्रहित’ म्हटले की दार लावून घेतले जाते आणि आतले लोक सोवळ्यात जातात. बाहेरच्यांनी शिवायचे नाही, विचारायचे नाही. बरे-वाईट फळ मात्र भोगायचे. त्या खोलीत काय बोलले जात होते, त्याचा एक नमुना किसिंजर यांच्या नावावर आहे. चिलीच्या निवडणुकीआधी, जून १९७० मध्ये ते म्हणाले होते, असे नमूद आहे, की एखादा देश आपल्याच लोकांच्या बेजबाबदारपणामुळे साम्यवादी होत असेल तर आपण नुसते बघत का बसावे, हे मला कळत नाही. लोक बेजबाबदार! ज्यांना वगळायचे त्यांना आधी अडाणी किंवा बेजबाबदार ठरवायचे, ही रीत वॉशिंग्टनला कुणी शिकवावी लागली नाही, आणि आपल्या गावांनाही नाही.

उठावाच्या आड एक माणूस येत होता, चिलीचे सरसेनापती रेने श्नायडर. ते समाजवादी नव्हते. लष्कराने घटनेप्रमाणे निवडून आलेल्याला मानावे, एवढीच त्यांची भूमिका. सी.आय.ए. त्यांना पळवून नेऊ पाहणाऱ्या दोन गटांच्या संपर्कात होती. एका गटाला तिने बंदुकाही पोचवल्या. प्रत्यक्षात हल्ला केला तो दुसऱ्या गटाने. २२ ऑक्टोबर १९७० रोजी श्नायडर यांना गोळ्या लागल्या आणि तीन दिवसांनी ते गेले. या गटाच्या लोकांना नंतर ३५ हजार डॉलर दिल्याचे सी.आय.ए.नेच पुढे २००० साली कबूल केले. उठाव मात्र फसला. उलट लोक हळहळले, आणि ३ नोव्हेंबरला आयेंदे अध्यक्ष झाले.

मग सावकाशीचे काम सुरू झाले. चिलीत अमेरिकी पैसा नवा नव्हता. १९६४ च्या निवडणुकीत आयेंदे यांच्या विरुद्ध उभे असलेल्या एदुआर्दो फ्रेई यांच्या प्रचारात सी.आय.ए.ने सुमारे २६ लाख डॉलर ओतले होते. त्या प्रचाराचा निम्म्याहून अधिक खर्च त्यातून झाला. १९७० ते १९७३ या काळात आणखी सुमारे ८० लाख डॉलर गेले. विरोधी पक्षांना, धंदेवाल्यांच्या संघटनांना, आणि ‘एल मर्क्युरिओ’ या देशातल्या सर्वांत वजनदार दैनिकाला. या एका वृत्तपत्राला पंधरा लाख डॉलरांहून अधिक मिळाले. आपले ‘मूकनायक’ १९२० साली शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांवर उभे राहिले आणि तरी पैशाअभावी बंद पडले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा आकडा वाचून थोडे हसू येईल, थोडा संतापही.

पैसा देण्याइतकेच महत्त्वाचे होते पैसा अडवणे. अमेरिकेची थेट आर्थिक मदत १९६९ मध्ये साडेतीन कोटी डॉलर होती. १९७१ मध्ये ती पंधरा लाखांवर आली. निर्यात-आयात बँकेने १९७१ मध्ये विमाने घ्यायला कर्ज नाकारले. जागतिक बँकेने आयेंदे यांच्या काळात एकही नवे कर्ज दिले नाही. चिलीतल्या ट्रक, बस, खाणीतली यंत्रे बहुतेक अमेरिकी बनावटीची; सुट्या भागांसाठी डॉलर उधारीवर मिळेनासे झाले की यंत्र उभे राहते. गावाने वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपण जाणतो. कुणी हात उगारत नाही. वाणी माल देत नाही, चक्कीवाला दळून देत नाही. बहिष्कृताला उपाशी ठेवायचे आणि मग म्हणायचे, याला संसार करता येत नाही.

पण एक मदत थांबली नाही. लष्कराची. बाकी सारे नळ बंद होत असताना चिलीच्या सैन्याला अमेरिकी साहित्य मिळत राहिले, अधिकारी अमेरिकी तळांवर शिकायला जात राहिले. माझ्या मते साऱ्या प्रकरणात याहून बोलकी गोष्ट नाही. एखाद्या देशाशी आपले संबंध कुणाशी आहेत, तिथल्या संसदेशी की छावणीशी, हे भाषणांवरून कळत नाही. मदत कुठल्या खात्यात जमा होते यावरून कळते.

आता ज्या गोष्टी आपल्या बाजूच्या लोकांना रुचत नाहीत त्याही मांडल्या पाहिजेत. आयेंदे सरकारकडून चुका झाल्या, आणि त्या लहान नव्हत्या. नोटा छापून वेतने वाढवली. महागाई शेकडो टक्क्यांवर गेली. दुकाने ओस पडली. संसदेत त्यांच्या आघाडीला बहुमत नव्हते, आणि आघाडीतले पक्ष एकमेकांशीच भांडत. मध्यमवर्ग, डॉक्टर, ट्रकमालक रस्त्यावर आले. ऑक्टोबर १९७२ च्या ट्रकमालकांच्या बंदने देश थांबला. २२ ऑगस्ट १९७३ रोजी लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने सरकारने घटनाभंग केल्याचा ठराव केला. हे सारे डॉलरने विकत घेतले होते असे म्हणणे म्हणजे चिलीच्या माणसांना बाहुल्या समजणे. चिलीच्या वरच्या वर्गाला आपल्या शेतावरचा मजूर बरोबरीने उभा राहिलेला सोसवत नव्हता, आणि ते त्याला कुणी वॉशिंग्टनहून शिकवले नव्हते. प्रत्यक्ष उठावात अमेरिकेचा थेट हात असल्याचा पुरावा अमेरिकी सिनेटच्या चौकशी समितीला सापडला नाही, हेही नमूद करतो. पण झाड कुणी तोडले असे विचारताना मुळाशी तीन वर्षे कढत पाणी कोण ओतीत होते, हेही विचारावे लागते. आणि एवढे होऊनही मार्च १९७३ च्या संसदीय निवडणुकीत आयेंदे यांच्या आघाडीला सुमारे ४४ टक्के मते पडली. नव्याने मताधिकार मिळालेले निरक्षर आणि अठरा वर्षांचे तरुण त्या निवडणुकीत रांगेत उभे होते.

त्यांना पुढच्या संसदीय निवडणुकीसाठी १९८९ च्या डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशे आणि इतर सेनाप्रमुखांनी सत्ता घेतली. ब्रिटिश बनावटीच्या हॉकर हंटर विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले. आयेंदे यांनी आतच स्वतःला संपवले. संसद बंद झाली. मतदारयाद्या रद्द करून नष्ट केल्या गेल्या. जिच्यात निरक्षर मजुराचे नाव पहिल्यांदा लिहिले गेले होते, ती यादीच उरली नाही! पुढच्या सतरा वर्षांत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी केली गेली, आणि राजकीय कारणासाठी कैद व छळ सोसलेल्यांची अधिकृत नोंद अडतीस हजारांवर गेली.

मापुचेंचे काय झाले? मिळालेल्या जमिनींपैकी मोठा भाग जुन्या मालकांकडे वा इतर खाजगी हातांत गेला. मार्च १९७९ मध्ये पिनोशे यांच्या २५६८ क्रमांकाच्या हुकुमाने त्यांच्या सामूहिक जमिनींची वैयक्तिक वाटणी करायचे ठरवले. त्या हुकुमाच्या मूळ मसुद्यात एक कलम होते. वाटणी झालेली जमीन यापुढे मूलनिवासींची जमीन मानली जाणार नाही, आणि तिचा मालक मूलनिवासी मानला जाणार नाही. ओरड झाल्यावर त्याच वर्षी ते शब्द बदलले. कागदाच्या एका ओळीने माणसाची ओळख पुसायची, म्हणजे त्याचा हक्कही आपोआप पुसला जातो. १९५६ साली धम्म स्वीकारल्यावर आपले दारिद्र्य आणि अस्पृश्यता जागच्या जागी राहिली, पण केंद्राच्या कागदावर आपण अनुसूचित जातीचे उरलो नाही. ते दुरुस्त व्हायला १९९० उजाडावे लागले. त्या कलमाचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

८ जून १९७६ रोजी किसिंजर सान्तियागोत होते. सभागृहात त्यांनी मानवी हक्कांवर भाषण केले. त्याआधी पिनोशे यांना खाजगीत भेटून, तुम्ही इथे जे करू पाहता त्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, असे सांगितले. या भेटीचा वृत्तांत वीसेक वर्षांनी खुला झाला. ओसरीवरची भाषा वेगळी, माजघरातली वेगळी.

येथवर गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पुढचा भाग मला तितका ठाऊक नव्हता.

मार्च १९७४ मध्ये स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइड येथील रोल्स-रॉईसच्या कारखान्यात विमानांची काही इंजिने दुरुस्तीला आली. ती चिलीच्या हॉकर हंटरांची होती, प्रासादावर बॉम्ब टाकणाऱ्या हवाई दलाची. कामगारांनी ती ओळखली आणि हात लावायला नकार दिला. करार झालेला, पैसे ठरलेले, सरकारला ब्रिटनची पत सांभाळायची. पण इंजिने खोक्यांत भरून आवारात पडून राहिली, पावसात गंजत, १९७८ पर्यंत. ज्या माणसांना परराष्ट्र खात्याच्या दारात कुणी उभे केले नसते, त्यांनी पान्हे खाली ठेवून आपल्या देशाचे धोरण चार वर्षे अडवले. स्वीडनचे राजदूत हाराल्ड एदेलस्ताम यांनी तर उठावाच्या पहिल्याच आठवड्यांत शेकडो जणांना आसरा देऊन वाचवले. डिसेंबर १९७३ मध्ये लष्कराने त्यांना देशाबाहेर काढले. तेव्हा ‘लोकशाही राष्ट्रे’ असा एकच ढीग करणे बरोबर नाही.

अमेरिकेतही दार किलकिले झाले. व्हिएतनाम आणि वॉटरगेटने तिथले लोक खवळले होते. १९७५ मध्ये फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील सिनेट समितीने चिलीतल्या गुप्त कारवायांचा अहवाल छापला. मी वर दिलेले बहुतेक आकडे त्यातलेच आहेत; म्हणजे वाड्यातली वही वाड्यातल्याच काही जणांनी चावडीवर आणून वाचली. १९७६ मध्ये एडवर्ड केनेडी यांच्या पुढाकाराने अमेरिकी संसदेने चिलीची शस्त्रविक्री बंद केली. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला आयेंदे यांचे एक माजी मंत्री ओर्लांदो लेतेलिएर यांची मोटार भर वॉशिंग्टनमध्ये बॉम्बने उडवण्यात आली. त्यांच्यासोबत एक अमेरिकी तरुणीही मेली. पोसलेला कुत्रा दारातच चावला. तपास आणि दबाव वाढल्यावर पिनोशे यांना १९७७ मध्ये आपली ‘दिना’ ही गुप्त पोलीस संघटना मोडावी लागली. अर्थात दुसऱ्या नावाने ती पुन्हा उभी राहिली.

बाहेरचा दबाव उलटतो, तेही चिलीत दिसले. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९७७ मध्ये निषेध केल्यावर पिनोशे यांनी ४ जानेवारी १९७८ रोजी एक कौल घेतला. परकी आक्रमणापुढे देशाची प्रतिष्ठा राखणाऱ्या अध्यक्षांना तुमचा पाठिंबा आहे ना, अशा अर्थाचा प्रश्न. मतदारयाद्या नव्हत्या, विरोधी प्रचाराला मुभा नव्हती, आणि सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे ७५ टक्के ‘होय’ पडले. ‘परके लोक आमच्या घरात नाक खुपसतात’ हे वाक्य हुकूमशहाला बंदुकीइतकेच उपयोगी पडते.

रेगन १९८१ मध्ये आले आणि वारे पुन्हा फिरले. पिनोशे ‘मित्र’ झाले. पण १९८३ पासून चिलीच्या वस्त्यांत, खाणीत निषेधाचे दिवस पाळले जाऊ लागले, आणि लोक मागे हटेनात, तेव्हा वॉशिंग्टनचा हिशेब बदलू लागला. १९८५ मध्ये हॅरी बार्न्स राजदूत म्हणून आले. हे गृहस्थ त्याआधी चार वर्षे दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. जुलै १९८६ मध्ये लष्करी गस्तीने जाळलेल्या एका एकोणीस वर्षांच्या छायाचित्रकाराच्या अंत्ययात्रेला बार्न्स गेले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो त्यांनाही लागला. त्यांच्याच देशातले काही सिनेटर त्यांच्यावर तुटून पडले. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतासाठी अमेरिकी संसदेने दहा लाख डॉलर दिले. नोंदणी, प्रशिक्षण, समांतर मोजणी यांसाठी, आणि या वेळी उघडपणे. नष्ट केलेल्या यादीच्या जागी नवी यादी झाली. तिच्यात सत्तर लाखांहून अधिक लोकांनी नाव घातले. ‘नको’ म्हणणारे जवळजवळ ५६ टक्के निघाले. त्या रात्री प्रासादात शिरताना हवाई दलाचे प्रमुख मात्तेई यांनीच पत्रकारांना सांगितले, ‘नको’ जिंकले. ११ मार्च १९९० रोजी पात्रिसिओ आयल्विन अध्यक्ष झाले. १९७३ मध्ये हेच आयल्विन आयेंदेविरोधी पक्षाचे प्रमुख होते आणि उठावाचे त्यांनी सुरुवातीला समर्थन केले होते. इतिहासाला असल्या गोष्टींची लाज वाटत नाही.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाला मी आज काय उत्तर देईन? बाहेरच्या लोकशाहीला दुसऱ्याची लोकशाही उभी करता येत नाही. १९८८ मध्ये ती उभी केली वस्त्यांतल्या बायांनी, संघटनांनी, घरोघर फिरून नावे नोंदवणाऱ्यांनी. मोडायला मात्र तिचा हात पुरेसा लागतो, कारण मोडणारे आत आधीच तयार असतात आणि त्यांना फक्त पैसा व अभय हवे असते. आणि हा हात बांधला गेला तो केवळ तेव्हाच, जेव्हा सोवळ्याबाहेरच्यांनी खोलीत पाय टाकला: कामगारांनी, सिनेटच्या चौकशीने, वृत्तपत्रांनी. कुठल्याही राष्ट्राध्यक्षाच्या सद्बुद्धीवर मी विश्वास ठेवणार नाही. अमेरिकी लोकशाही वाईट म्हणून चिलीवर संकट आले असे मला वाटत नाही. तिने परराष्ट्रधोरणाला आपल्या लोकशाहीच्या कक्षेबाहेर ठेवले, म्हणून ते आले.

आणि आपली खोली? बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना जी कारणे सांगितली त्यांत परराष्ट्रधोरण हे एक होते. हा विषय वरच्यांचा, आपला नव्हे, असे त्यांनी कधी मानले नाही. २००१ च्या दरबान परिषदेत जातिव्यवस्थेचा प्रश्न यावा म्हणून आपले कार्यकर्ते झटले, तेव्हा आपल्या सरकारने तो येऊ दिला नाही. ही आमची अंतर्गत बाब, असे त्याचे म्हणणे. निवडून आलेले सरकार आणि लष्करशहा यांत मी फरक करतोच, पण वाक्य ओळखीचे वाटले.

ब्रह्मदेशाची गोष्ट याहून जवळची. १९५४ मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेला रंगूनला गेले होते. नागपुरात त्यांना धम्मदीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर मूळचे तिथले. १९८८ मध्ये तिथल्या लोकशाही चळवळीची बाजू भारताने उघडपणे घेतली. १९९० नंतर चीनचा वाढता वावर आणि ईशान्येतील बंडखोर ही कारणे पुढे आली, आणि दिल्ली लष्कराशी जमवून घेऊ लागली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथे पुन्हा उठाव झाला. दिल्लीने चिंता व्यक्त केली, लोकशाही प्रक्रिया टिकावी असेही म्हटले. पण २७ मार्च २०२१ च्या लष्करी संचलनाला ज्या आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते त्यांत भारत होता. त्याच दिवशी सैन्याने देशभर शंभरावर माणसे मारली. १८ जून २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उठावाचा निषेध करणाऱ्या आणि शस्त्रे पाठवू नका असे सांगणाऱ्या ठरावाला ११९ देशांनी पाठिंबा दिला. भारत तटस्थ राहिला.

मार्चमध्येच केंद्राच्या गृहखात्याने सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवून येणारे लोंढे थांबवायला सांगितले होते. मिझोरमच्या गावांनी ते ऐकले नाही. सीमेपलीकडचे चिन लोक त्यांचे भाऊबंद. त्यांनी घरे उघडली, चर्चमधून धान्य जमवले. मुख्यमंत्री झोरमथंगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले की हे आम्हाला मान्य नाही.

आमच्या अभ्यासवर्गाने पुढच्या बैठकीसाठी एक काम ठरवले आहे. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना पत्र लिहून विचारायचे, की १८ जून २०२१ च्या त्या मतदानाबद्दल तुम्ही सभागृहात काही विचारले होते का, आणि नसेल तर का नाही. पत्राचा मसुदा ती मागच्या बाकावरची मुलगी करते आहे.